प्री-कुक्ड सॉसेज एअर फ्रायरमध्ये नक्की किती वेळ ठेवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे ना, की पॅकेटवर फुली कुक्ड लिहिलेली चिकन सॉसेजेस फ्रीझरमधून काढली, थेट एअर फ्रायरमध्ये टाकली, २०० डिग्रीला १५ मिनिटं ठेवली, तर दोन फुटली, बाकीची सुरकुतून चामड्यासारखी झाली, मधेच धूर आला, आणि एवढं सगळं करून त्यातलं जे एक जाडं होतं ते मधोमध गारच निघालं. मग आता किती डिग्री आणि किती मिनिटं ते सांगा, आणि उरलेल्यांचं काय करायचं तेही.

आकडा आधी देऊन टाकतो, कारण बरेच जण तेवढाच वाचून उठतात. फ्रीजमधलं (फ्रीझरमधलं नाही), साधारण अंगठ्याएवढं जाड सॉसेज, १८० डिग्री सेल्सिअसला ७ ते ८ मिनिटं, चौथ्या मिनिटाला एकदा उलटायचं. झालं. पण तुमच्या मशीनमध्ये, तुमच्या ब्रँडच्या सॉसेजला हाच आकडा लागेल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, आणि जो सांगतो त्याने एकाच प्रकारचं सॉसेज एकाच मशीनमध्ये केलेलं असतं. मी बरीच वर्षं ब्रेकफास्टच्या किचनमध्ये काढलीत, रोज सकाळी ट्रे भरभरून सॉसेजेस पंख्याच्या ओव्हनमध्ये जायची, आणि एअर फ्रायर म्हणजे त्याच ओव्हनचं धाकटं भावंड आहे, वर कॉइल, कॉइलच्या मागे पंखा, खाली जाळीची बास्केट. फिलिप्सने २०१० मध्ये एअरफ्रायर नावाने हे घरगुती मशीन बाजारात आणलं आणि फ्रायर हे नाव चिकटलं ते चिकटलंच, त्यामुळे लोकांना वाटतं की यात काहीतरी तळलं जातं. तळलं काही जात नाही, गरम वारा जोरात अंगावर येतो एवढंच. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल, कारण वारा गरम करतो तसा सुकवतोही.

आता मूळ मुद्दा. प्री-कुक्ड सॉसेज शिजवायचं नसतं. ते शिजलेलं आहे. कारखान्यात ते वाफेवर, गरम पाण्यात किंवा धुराच्या खोलीत पोटापर्यंत ७० डिग्रीच्या आसपास नेलेलं असतं, मग पटकन थंड करून पॅक केलेलं असतं. म्हणजे आतलं प्रोटीन बसलेलं आहे, चरबी आणि पाणी त्यात अडकवून ठेवलेलं आहे, चव लागलेली आहे. आपल्याला दोनच कामं उरतात, पोट गरम करणं आणि साल खमंग करणं. गंमत अशी की ही दोन कामं एकमेकांच्या विरोधात आहेत. पोट गरम व्हायला वेळ लागतो, तिथे जास्त टेम्परेचरचा उपयोग नाही कारण उष्णता बाहेरून आत आपल्या चालीनेच जाते. साल खमंग व्हायला मात्र ती आधी कोरडी व्हावी लागते आणि मग १४० डिग्रीच्या वर जावी लागते, त्याखाली तो तपकिरी रंग आणि तो वास नीट येतच नाही. तुम्ही २०० ला १५ मिनिटं दिलीत तेव्हा साल पाचव्या-सहाव्या मिनिटालाच तयार झाली होती, पुढची मिनिटं तुम्ही ती नुसती सुकवत होतात, आणि फ्रोजन असल्यामुळे पोट अजून बर्फातून बाहेर यायचं होतं. म्हणजे एकाच वेळी करपलेलं आणि कच्चं वाटणारं. कच्चं नव्हतं ते, गार होतं, पण तोंडाला सारखंच वाटतं.

जाडीचं गणित सांगतो, हे एकदा डोक्यात बसलं की मिनिटांचे तक्ते शोधायची गरज राहत नाही. सॉसेज किती लांब आहे याने जवळजवळ काही फरक पडत नाही, फरक पडतो तो जाडीने, आणि तोही सरळ हिशोबाने नाही. जाडी दुप्पट झाली तर पोट गरम व्हायला दुप्पट नाही, साधारण चौपट वेळ लागतो. प्रत्यक्षात एअर फ्रायरमध्ये अगदी चौपट भरत नाही, कारण वाऱ्यापासून सालीपर्यंत उष्णता यायलाही वेळ लागतोच, पण दुपटीच्या बराच वर जातो हे नक्की. करंगळीएवढं कॉकटेल सॉसेज ४-५ मिनिटांत होतं आणि दोन बोटं जाडीचं स्मोक्ड सॉसेज १२ मिनिटांनंतरही मधे कोमट असतं ते यामुळे. तुमच्या पॅकेटमधलं जे एक जाडं निघालं ते गार राहिलं यात मशीनचा काही दोष नाही. जाड-बारीक मिसळून एका फेरीत टाकायचीच असतील तर जाड आधी टाका, बारीक नंतर, नाहीतर जाड्याला मधोमध उभं चिरून दोन फाका करा, सरळ उपाय आहे.

टेम्परेचरचं माझं मत ठाम आहे, आख्खं सॉसेज असेल तर १८०. बारीक असेल आणि साल कुरकुरीत हवी असेल तर २००, पण तिथे मग मिनिटं मोजून नाही, समोर उभं राहून. जाड असेल तर १६५-१७० ला सुरुवात करून शेवटची २ मिनिटं २०० करायची, हा प्रकार मला सगळ्यात आवडतो, पोट निवांत गरम होतं आणि रंग शेवटी येतो. उलटं करू नका, म्हणजे आधी २०० आणि मग कमी, तसं केलं की साल आधीच कडक होऊन बसते आणि मग आतली वाफ तिला फाडते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. आणि हो, डायलवर १८० लिहिलंय म्हणून आत १८० च आहे असं समजू नका, कॉइल चालू-बंद होत राहते, आकडा वरखाली होतो, लहान मशीनमध्ये तर कॉइल इतकी जवळ असते की वरच्या बाजूला डायलपेक्षा जास्तच आच लागते. नवीन मशीन असेल तर पहिल्या वेळी सांगितलेल्या वेळेच्या दोन मिनिटं आधी उघडून बघायचं. उघडल्याने काही बिघडत नाही, केक नाहीये तो.

पॅकेटवर एअर फ्रायरचे आकडे नसतील आणि फक्त ओव्हनचे असतील तर टेम्परेचर १५-२० डिग्रीने कमी धरा आणि वेळ पाव भागाने कमी, आणि तिथून पुढे बघत बघत. हे अंदाज आहेत पण बरे अंदाज आहेत.

आता पॅकेट वाचण्याबद्दल, कारण इथे चूक झाली तर नुसती चव जात नाही. फुली कुक्ड, रेडी टू ईट, हीट अँड सर्व्ह असं काहीतरी स्पष्ट लिहिलेलं असेल तरच ते शिजलेलं. नुसतं स्मोक्ड लिहिलेलं असेल तर ते शिजलेलं असेलच असं नाही! धूर थंडही देतात, तो चवीसाठी असतो. कुठे बारीक अक्षरात कुक थरोली किंवा कुक बिफोर ईटिंग दिसलं की ते कच्चं समजायचं आणि मग पोटाचं टेम्परेचर मोजूनच थांबायचं, डुक्कर-गाय-मेंढीच्या खिम्याला ७१ डिग्री, कोंबडी किंवा टर्कीला ७४. रंगावर तर अजिबात जाऊ नका. प्री-कुक्ड सॉसेज आतून गुलाबी असतं ते नायट्राइट या मांस टिकवणाऱ्या क्षारामुळे, मांसातल्या रंगद्रव्याशी त्याची जोडी जमली की तो गुलाबी रंग कितीही शिजवला तरी जात नाही, आणि लोक तो गुलाबीपणा जावा म्हणून बिचाऱ्याला अजून दहा मिनिटं भाजत बसतात. उलट बाजूने, काही कच्ची सॉसेजेस बाहेरून इतकी करडी-तपकिरी दिसतात की शिजलेलीच वाटावीत. आणि सुटी, लेबल नसलेली मिळाली तर विचारून घ्या, उत्तर गुळमुळीत आलं तर कच्ची धरा.

शिजलेलं असलं तरी किती गरम करायचं हा प्रश्न उरतो. कारखान्यात पॅक झालेलं तयार मांस पॅकेट उघडून लगेच गरम करत असाल तर अमेरिकेच्या कृषी खात्याचा आकडा ६० डिग्री आहे, आणि उघडून ठेवलेलं, उरलेलं, परत गरम करताय ते असेल तर ७४. घरात कोणी गरोदर असेल, ६५ च्या पुढचं असेल, किंवा आजारपणाने प्रतिकारशक्ती कमी झालेलं असेल तर त्यांच्यासाठी नवीन पॅकेट असलं तरी ७४ च, वाफाळतं. कारण लिस्टेरिया नावाचा जंतू, तो फ्रीजच्या थंडीतही वाढत राहतो आणि फ्रीझरमध्येही मरत नाही, आणि तो तयार सॉसेजमध्ये शिरतो तो बहुतेकदा शिजल्यानंतर, पॅक होताना. त्यामुळे शिजलेलंच आहे म्हणून थेट फ्रीजमधून उचलून खाणं हे वरच्या लोकांनी करू नये, बाकीच्यांनी आपलं बघावं. मी स्वतः ७० च्या आसपास काढतो, बाहेर आल्यावर अजून दोन-तीन डिग्री चढतं. ८० च्या पुढे मात्र नेऊ नका, तिथे आत अडकवलेलं पाणी आणि चरबी सुटायला लागते आणि मग उरतं ते रबर. थर्मामीटर टोकाकडून लांबीने आत घालायचा, बाजूने भोसकला तर सुई आरपार जाऊन हवा मोजते. नसेल थर्मामीटर तर एक चिरून मधला भाग ओठाला लावून बघा, किचनमध्ये सगळे तेच करतात, कबूल कोणी करत नाही. पण ७४ ज्यांच्यासाठी लागतं त्यांना हा अंदाज चालणार नाही, तिथे सुईच.

फुटण्याचं कारण वाफ. सॉसेजमध्ये निम्म्याच्या आसपास पाणीच असतं, सालीच्या आतला थर १०० ला पोचला की वाफ होते, तिला जागा हवी, साल ताणून ताणून शेवटी फाटते. साल कसली आहे यावर बरंच अवलंबून आहे. आतड्याची नैसर्गिक साल किंचित ताणते, भाजल्यावर दाताखाली ती टच्च तुटते, हीच सगळ्यात चांगली. कोलॅजनची कारखान्यातली साल एकसारखी असते पण कोरड्या वाऱ्यात लवकर कडक होते, बहुतेक स्वस्त सॉसेजेसना हीच. आणि काहींना साल नसतेच, ती सेल्युलोजच्या नळीत शिजवून नंतर नळी सोलून काढलेली असते, त्यांना स्किनलेस म्हणतात, ती फारशी फुटत नाहीत पण सुरकुततात. शिवाय काही जाड सॉसेजेसवर प्लॅस्टिकचं किंवा चिवट कागदी वेष्टन असतं, ते खायचं नसतं आणि एअर फ्रायरमध्ये तर मुळीच घालायचं नाही. नखाने टोकाशी उचकटून बघा, सोलून निघालं आणि आतून सॉसेज जसंच्या तसं बाहेर आलं तर ते वेष्टन होतं. हसू नका, मी वितळलेलं प्लॅस्टिक जाळीवरून खरवडलेलं आहे, एका नव्या मुलाने पूर्ण ट्रे तसाच लावला होता आणि तो ट्रे नंतर फेकूनच द्यावा लागला.

मग चिरा द्यायच्या का? काट्याने टोचायचं का? टोचू नका, ती जुनी सवय पॅनमधल्या कच्च्या सॉसेजची आहे, आणि तिथेही तिचा फारसा उपयोग नाही, रस तेवढा गळतो. चिरांचं असं आहे की आतलं मिश्रण कसं आहे ते बघायचं. हॉट डॉगसारखं एकदम गुळगुळीत, वाटलेलं मिश्रण असेल तर तिरक्या उथळ चिरा द्या, दोन-तीन मिलिमीटर, त्यातून काही गळत नाही कारण चरबी त्या मिश्रणात बांधलेली असते, उलट चिरांच्या कडा उघडून कुरकुरीत होतात आणि सॉससाठी खाचा मिळतात. जाडसर कुटलेल्या मांसाचं असेल, ज्यात चरबीचे पांढरे कण दिसतात, त्याला चीर देऊ नका, ती चरबी सरळ खाली ट्रेमध्ये जाईल आणि तुमच्या हातात कोरडा भुसा राहील. चीज भरलेल्यांना तर चाकू लावूच नका आणि १७० च्या वर नेऊ नका, चीज मांसाच्या आधी पातळ होतं आणि मिळेल त्या भोकातून पळतं, आणि मग ते बास्केटवर जे चिकटतं ते... असो.

तुमची चिकन सॉसेजेस आहेत, म्हणून त्यांचं वेगळं सांगतो. चरबी कमी, त्यामुळे वाऱ्यात सगळ्यात आधी हीच सुकतात. टिशूने पुसून कोरडी करायची, मग हाताला थेंबभर तेल घेऊन चोळायची, अर्धा चमचा तेल सहा-आठ सॉसेजेसना पुरतं. तेल तळायला नाहीये, ते सालीला लवकर रंग आणतं म्हणजे मशीन आधी बंद करता येतं, आणि जाळीला चिकटत नाही. डुकराच्या मांसाच्या सॉसेजला तेल लागत नाही, त्याचं त्याला पुरतं. स्प्रेच्या डब्यातलं तेल मात्र वापरू नका, त्यात लेसिथिन असतं, ते कोटिंगवर चिकट थर धरतं आणि घासून घासून शेवटी कोटिंगच जातं. पॅन असो की बास्केट, हेच.

सुरकुत्यांबद्दल लोक फार मनाला लावून घेतात. थोडी सुरकुती येणारच, गरम असताना आत वाफ असते म्हणून ते टरटरीत फुगलेलं दिसतं, बाहेर काढलं की वाफेचं पाणी होतं, आतला फुगा बसतो आणि साल सैल पडते. दोन मिनिटांत दिसतं ते. पण मशीनमध्येच सुरकुतलेलं दिसलं तर मात्र पाणी गेलेलं आहे, वेळ जास्त झाली.

फ्रोजनचं काय करायचं. सगळ्यात चांगलं म्हणजे आदल्या रात्री फ्रीझरमधून फ्रीजमध्ये. ओट्यावर ठेवून वितळवू नका, बाहेरचा थर तासाभरातच ५ डिग्रीच्या वर जातो आणि ५ ते ६० च्या मधे जंतूंना सुगीचे दिवस असतात, आत बर्फ असला तरी. विसरलात, आणि विसरणारच, तर सीलबंद पिशवीत घालून गार पाण्यात बुडवून २०-३० मिनिटं ठेवा, बारीक सॉसेजेस तेवढ्यात सुटी होतात. तेवढाही वेळ नसेल तर थेट फ्रोजन टाकता येतं, शिजलेलीच असल्यामुळे त्यात धोका नाही, पण मग दोन टप्पे करा, १५० ला ५-६ मिनिटं, नुसती बर्फ जाण्यापुरती, मग बाहेर काढून वर आलेलं पाणी पुसा, आणि मग १८० ला ६-७ मिनिटं. तुम्ही हा पहिला टप्पा गाळलात. पाणी पुसणं लोक टाळतात पण तोच फरक आहे, सालीवर पाणी असेपर्यंत ती १०० च्या फार वर जात नाही, म्हणजे ती उकडली जाते, भाजली जात नाही. एकमेकांना चिकटून गोळा झाला असेल तर सुरीने उचकटायला जाऊ नका, सुरी हातात शिरते, गोळाच ठेवा मशीनमध्ये १५० ला तीन मिनिटं, मग चिमट्याने आपोआप सुटतात.

प्रीहीट करायचं का यावर भांडणं होतात. माझं म्हणणं, बारीक सॉसेज असेल तर करा, ३ मिनिटं, कारण एकूण वेळच पाच मिनिटं आहे आणि त्यातली दोन मशीन तापण्यात गेली तर रंग कधी यायचा. जाड असेल तर नाही केलं तरी चालतं. फ्रोजनला तर गरजच नाही. आणि प्रीहीट करताना आत मोकळा बेकिंग पेपर ठेवू नका, वर सामान नसलं की पंखा तो उचलतो आणि कॉइलवर नेऊन चिकटवतो, तिथे तो पेटतो. सामान असलं तरी पेपर मी टाळतोच, खालची जाळी झाकली की खालून वारा लागत नाही, मग एअर फ्रायर घेतला कशाला.

एका थरात, मधे बोटभर जागा सोडून, एकावर एक नाही. जिथे दोन सॉसेजेस टेकतात तिथे पांढरी फिकट रेघ राहते, ती वाफेवर शिजल्यासारखी लागते. तुम्ही आठ टाकलीत का दहा माहीत नाही पण चार-साडेचार लिटरच्या बास्केटमध्ये सहाच्या वर नेहमीच्या जाडीची नीट मावत नाहीत. दोन फेऱ्या करा, दुसरी फेरी मशीन तापलेलं असल्यामुळे एखाद-दीड मिनिट आधीच होते हेही लक्षात ठेवा, तिथेच बरेच जण करपवतात. उलटायचं ते चिमट्याने, बास्केट हलवून गोल सॉसेज लोळतं आणि बऱ्याचदा परत त्याच कुशीवर येऊन पडतं. गोल चकत्या केल्या असतील तर हलवलं तरी चालतं.

चकत्यांचा विषय निघालाच आहे तर, मुलांना द्यायच्या असतील किंवा ऑम्लेट-पास्त्यात घालायच्या असतील तर आख्खं सॉसेज भाजून मग कापण्यात काही अर्थ नाही. आधी कापा, सेंटीमीटरभर जाडीच्या चकत्या, २०० ला ५ मिनिटं, एकदा हलवून. कापलेल्या तोंडाला रंग येतो आणि तो रंग म्हणजेच चव. अगदी लहान, चार वर्षांच्या आतलं मूल असेल तर गोल चकती देऊच नका, ती घशात बुचासारखी बसते, उभी चार फाका करून मग बारीक तुकडे.

बटाटा, कांदा, ढोबळी मिरची याच्यासोबत एका बास्केटमध्ये करायचं असेल तर वेळ बटाटा ठरवणार, सॉसेज नाही. बटाट्याचे तुकडे तेल-मीठ लावून २०० ला १० मिनिटं एकटे, मग कांदा-मिरची ५ मिनिटं, आणि सॉसेजच्या चकत्या शेवटच्या ५ मिनिटांना. मीठ हात राखून, सॉसेजमध्ये भरपूर असतं आणि गळणारी चरबी ते बटाट्याला लावते. मध, बार्बेक्यू सॉस, केचप असलं गोड काही लावायचं असेल तर शेवटचं दीड-दोन मिनिट, त्याआधी लावलं तर साखर करपते. पाव गरम करायचा तर मशीन बंद केल्यावर उरलेल्या आचेत एक मिनिट, पुरतो.

धुराचं कारण नव्वद टक्के वेळा सॉसेज नसतं, खालच्या ट्रेमधली चरबी असते. ती गळते, तापलेल्या ट्रेवर बसते, पंखा तिचे थेंब वर कॉइलपर्यंत उडवतो आणि तिथे ती जळते. तुमचं चिकन होतं, त्यातून एवढी चरबी गळत नाही, म्हणून मला शंका आहे की धूर आधीच्या कुठल्यातरी स्वयंपाकाचा असावा. मशीन पूर्ण गार झाल्यावर प्लग काढून उलटं करून वर कॉइलकडे टॉर्च मारून बघा, तिथे तपकिरी चिकट थेंब दिसतील. ओल्या मऊ फडक्याने, थोडा साबण लावून पुसा, तारेची घासणी नको, मग स्वच्छ फडक्याने परत, पूर्ण वाळल्याशिवाय लावू नका. चरबीवाली सॉसेजेस करताना जाळीच्या खाली, ट्रेमध्ये, दोन-तीन चमचे पाणी घालतात, चरबी पाण्यात पडली की जळत नाही, पण हे तुमच्या मशीनच्या पुस्तकात चालतं म्हटलंय का ते बघा, काहींना चालत नाही. नाही म्हटलं असेल तर जाळीखाली पावाचा एक स्लाइस ठेवा, तो चरबी पितो. दुसरी फेरी लावण्याआधी ट्रे रिकामा करा, आणि ती चरबी सिंकमध्ये ओतू नका, पुढे पाइपमध्ये गोठते, वाटीत ओतून गार करून कचऱ्यात.

एक अप्रिय गोष्टही सांगून टाकतो. एअर फ्रायरमध्ये केलं म्हणजे सॉसेज हेल्दी झालं असं नाही. तेल वाचतं हे खरं, पण प्री-कुक्ड सॉसेजला थेंबभरापलीकडे तेल मुळात लागतच नव्हतं! जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पहिल्या गटात टाकलं, रोज ५० ग्रॅममागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका साधारण १८ टक्क्यांनी वाढतो असा त्यांचा आकडा आहे, म्हणजे रोज एक हॉट डॉग. मी सोडलेलं नाही, पण रोजही खात नाही, आणि काळं होईपर्यंत भाजत नाही.

एक-दोनच सॉसेजेस करायची असतील तर खरं सांगू, पॅनच बरा. झाकण ठेवून दोन चमचे पाण्यात गरम करायची, पाणी आटलं की त्याच पॅनमध्ये परतायची, सहा मिनिटांत काम होतं आणि मशीन धुवावं लागत नाही. एअर फ्रायर कामाचा तो चार-सहा एकदम करायची असतील आणि मधे तुम्हाला अंडी बघायची असतील तेव्हा.

उरलेल्यांचं तुम्ही विचारलंत. गरम केलेली सॉसेजेस दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, बंद डब्यात, तीन-चार दिवस चालतात. नुसतं पॅकेट उघडून ठेवलेलं, न भाजलेलं असेल तर आठवडाभर, तेही हवा बंद करून, आणि वर चिकट ओशट थर किंवा आंबट वास आला की तारीख काहीही असो टाकून द्यायचं. दुसऱ्यांदा गरम करताना आख्खं भाजू नका, ते एकदा सुकलेलं आहे, उभं चिरा, चिरलेली बाजू खाली, १६० ला ३-४ मिनिटं, आणि ७४ पर्यंत गेलंय ना ते थर्मामीटरने बघा. त्या दोन फुटलेल्यांना फेकलं नसेल तर त्यांच्या चकत्या करून आज अंड्यात टाका, त्यात कोणाला कळणार नाही.